सहाशे गुणांचं स्थळ
1956 साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली आणि फायलींबरोबर मराठी कारकूनही आले. त्यांचं वय, इंग्रजी, अनुभव यांचे गुण कुणी मोजले नाहीत. बदलीचा कागद पुरला. अशाच एका कारकुनाचा अरेरा कॉलनीतला नातू आता कॅनडात स्थायिक व्हायला तिथल्या एखाद्या प्रांताच्या नामांकनाकडे डोळे लावून बसलाय. एका नामांकनाचे 600 गुण! आपल्याकडे पत्रिकेत 36 जुळले तरी लोक दबकतात. तिशी लागली की वयाचे गुण गळायला लागतात, पंचेचाळिशीला भोपळा. तरी अर्जात यानं ठोकून दिलंय, सस्कॅचवन प्रांतातच जन्म काढायचाय. तिथं हिवाळ्यात पारा उणे 30पर्यंत उतरतो. मध्य प्रदेशातल्याच बैतूलची नोकरी मात्र यानं नाकारली होती. कारण? गाव फार आडबाजूला.