प्रश्नपत्रिकेत ज्वारी, ताटात पुलाव

परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या शिवारात भाताचं खाचर दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. जिंतूरहून मंठ्याकडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पावसाळ्यात सोयाबीन, कापूस, तूर दिसते. दिवाळीनंतर हरभरा, आणि जी काही उरली असेल ती ज्वारी. चिखलणी नाही, रोपं नाहीत, भातलावणीची गाणी तर नाहीतच. पण शाळेची दुपारची सुट्टी झाली की पोरांच्या ताटात पडतो तो भातच. वार बदलला की त्याचं नाव बदलतं, एवढंच.

ही नावं जून २०२४ मध्ये सरकारनं ठरवून दिली. पंधरा पदार्थांची यादी आली. व्हेजिटेबल पुलाव, मसाले भात, मटार पुलाव, चना पुलाव, सोयाबीन पुलाव, मसुरी पुलाव, अंडा पुलाव, मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, गोड खिचडी, मूग-शेवग्याचं वरण आणि भात, तांदळाची खीर... वाचताना लग्नातल्या केटररचं कार्ड हाती आल्यासारखं वाटतं. मटकीची उसळ आणि मोडाची कडधान्यं हा त्यातला शहाणपणा. त्याला दाद द्यायलाच हवी. पण यादी वरून खाली आणि खालून वर वाचली तरी ज्वारी काही सापडत नाही. भरडधान्यांचा कोटा एकट्या नाचणीनं भरून काढलाय. नाचणी गुणाचीच, तिच्याशी आपलं भांडण नाही. पण ती कोकणातली, कोल्हापूर-नाशिकच्या डोंगरउतारावरची. परभणीच्या पोराला नाचणीचं शेत बघायचं तर सहलच काढावी लागेल. बरं, तिचंही सुख फार टिकलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अंडा पुलाव आणि नाचणी धरून गोडाचे पदार्थ ऐच्छिक झाले. अंड्यांना आणि साखरेला सरकार पैसे देणार नाही, हवं असेल तर लोकसहभागातून जमवा, असं सांगण्यात आलं. सरकारी कागदात 'लोकसहभाग' हा शब्द आला की गावानं खिशाला हात लावायचा असतो, हे आता पहिलीतल्या पोरालाही कळतं.

आता खरी गंमत ऐका. चारठाण्याहून तास-दीड तासाच्या रस्त्यावर परभणीचं कृषी विद्यापीठ आहे. १९७२ साली स्थापन झालेलं, आता वसंतराव नाईकांच्या नावाचं. या विद्यापीठानं ज्वारीवर पिढ्या घालवल्या. परभणी ज्योती, परभणी मोती ही वाणं दिली. हुरड्यासाठी म्हणून खास परभणी वसंत दिलं. भेंडीला हळद्या रोग खाऊन टाकत होता, तेव्हा परभणी क्रांती दिली आणि ती देशभर गेली. आणि २०१८ मध्ये हैदराबादच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेबरोबर मिळून 'परभणी शक्ती' आणली. ज्यात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलंय असं ज्वारीचं देशातलं हे पहिलं वाण. गरिबाच्या भाकरीतूनच रक्त वाढावं, असा साधा हिशेब.

सरकारनं काय केलं? १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि गरिबांच्या तांदळातच लोह घालायचं ठरलं. म्हणजे तांदळाचं पीठ करायचं, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळायचं, त्या पिठाचे पुन्हा तांदळासारखे दाणे पाडायचे आणि ते शंभराला एक या प्रमाणात साध्या तांदळात टाकायचे. हा तांदूळ शाळांत आला तेव्हा ठिकठिकाणच्या पालकांनी प्लास्टिकचा तांदूळ आला म्हणून ओरड केली. ते प्लास्टिक नव्हतं. ते कारखान्यातून फेरफटका मारून आलेलं लोह होतं. याउपर कमी पडलं तर आयर्नची गोळी आहेच, धाकट्यांना गुलाबी आणि थोरल्यांना निळी. लोहाची ज्वारी परभणीत, लोहाचा तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून, लोहाची गोळी आरोग्य खात्याकडून. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही छाती फुगवून म्हणतो. ते खरंच असावं, कारण एवढी लांबची वाट दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

शाळेत स्थानिक अन्न शिकवत नाहीत, असं मात्र म्हणू नका. शिकवतात की! बालभारतीनं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलं, यापरतं आणखी काय हवं? तुमच्या जिल्ह्यातली प्रमुख पिकं कोणती? ज्वारी, कापूस, सोयाबीन, तूर. गुण दोन. उत्तर लिहून झालं, घंटा वाजली, ताट घेऊन ओळीत बसलं, चना पुलाव आला. पोराला वाटणार, ज्वारी ही परीक्षेत लिहायची वस्तू आहे. मधल्या काळात पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्यामागं कोरी पानं घातली होती, नोंदी करायला. २०२३ ला घातली, २०२५ ला काढून टाकली. माझ्या मते स्थानिक आहारावर सरकारनं छापलेला सर्वात मोकळा मजकूर तोच होता.

मग परसबाग. केंद्रानं शाळांना पोषणबागा करायला सांगितल्या, राज्यानं त्याच्या स्पर्धा लावल्या. कल्पना नामी आहे. मेथी, पालक, शेवगा, कढीपत्ता पोरांनी स्वतः लावायचा आणि आहारात घालायचा. पण ज्या गावात मार्चनंतर प्यायच्या पाण्याची घागर मोजून भरावी लागते, तिथं वाफ्याला पाणी कुठून घालायचं हे परिपत्रकात नसतं. कुंपण नसेल तर शेळ्या परीक्षकांच्या आधी येऊन जातात. त्यातूनही जीव ओतून बाग फुलवणारे गुरुजी आणि बाई आहेत, त्यांना सलाम. बाकीच्या ठिकाणी फोटोपुरती कोथिंबीर असते. आणि शाळेच्या भिंतीपलीकडं, फुकट, विनास्पर्धा, पंचवीस एकरांची बाग उभी असते, तिला शेत म्हणतात. तिकडं पोरं न्यायची तर परवानगी लागते. मंदिरं बघायला चारठाण्यात लांबून लांबून लोक येतात, कोरीव खांबांपुढं, बारवेत उतरून फोटो काढतात. छानच आहे. पण त्या बारवेच्या पाण्यावर आणि भोवतालच्या काळ्या रानावर माणसं काय पिकवून खात होती, हे सांगणारा गाइड अजून नेमला गेलेला नाही.

एका जानेवारीच्या दुपारी पोरं त्या रानात नेऊन बघा. ज्वारीचं कणीस हातात द्या. दाणा दाबला की आधी दूध येतं, काही दिवसांनी चीक, मग तो हुरड्यात येतो, आणि पंधरवड्यात दगडासारखा होतो. बांधावर खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसं खुपसायची, उलटीपालटी करायची, गरम गरम तळहातावर चोळायची, फुंकरीनं कोंडा उडवायचा. हिरवा, वाफाळता दाणा जवसाच्या नाहीतर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात. साखर कधी दाण्यात असते आणि कधी तिचा पिठूळ स्टार्च होतो, हे पोराला पुन्हा फळ्यावर शिकवावं लागणार नाही. पुण्यामुंबईची माणसं याच धड्याची फी भरून हुरडा पार्टीला जातात. आपल्या पोरांना तो फुकट आहे, म्हणून बहुधा अभ्यासक्रमात नाही.

यावर साहेब मंडळींचं एक उत्तर तयार असतं. दोनशे पोरांच्या भाकरी कोण थापणार? प्रश्न रास्त आहे. परातीत पीठ मळून, थापून, तव्यावर पाणी फिरवून, उलटून, निखाऱ्यावर फुगवून दोनशे भाकरी करायच्या तर स्वयंपाकीण ताईंना मध्यरात्री उठावं लागेल. त्यांचं मानधन महिन्याला अडीच हजार रुपये. तेही आधी दीड हजार होतं. अडीच हजारांत भाकरी मागणारानं आधी स्वतः एक थापून दाखवावी. पण ज्वारी म्हणजे फक्त भाकरी, असं कोण म्हणालं? मराठवाड्यात कण्या आहेत. ज्वारीवर पाण्याचा हात मारून ती कांडायची, पाखडून कोंडा काढायचा, जाडसर भरडायची आणि मीठ घातलेल्या पाण्यात रटरटू द्यायची. वरून ताक नाहीतर फोडणीचं वरण. ज्या पातेल्यात पुलाव होतो त्याच पातेल्यात होतात, त्याच डावानं वाढता येतात. भरडायला गावात गिरणी आहे. घुगऱ्या आहेत, लाह्या आहेत, आंबील आहे. हे सगळं त्या ताईंना येतं. शाळेत स्थानिक अन्नाची सर्वांत जाणती व्यक्ती त्याच आहेत. फक्त त्यांना कुणी तास दिलेला नाही. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी हातानं काम करत शिकायची गोष्ट मांडली. आपण तिचा कार्यानुभवाचा तास केला आणि त्यात कागदी फुलं केली. तो तास ताईंना देऊन टाका.

पैशाचं म्हणाल तर मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या एका पोराच्या एका जेवणाला डाळ, भाजी, तेल, मीठमसाला, जळण सगळं धरून ६ रुपये ७८ पैसे आहेत, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. धान्य वेगळं, ते केंद्राचं. आणि ते धान्य तांदूळच असलं पाहिजे, असं कायद्यात कुठंही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याला जागा आहे, हमीभावात ज्वारीला भाव आहे. २०२३ हे तर जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. दिल्लीनं ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' म्हटलं. नावामागं श्री लागला आणि पाककृती स्पर्धेच्या टेबलावर ज्वारीचा केकही झाला. बक्षीस वाटलं गेलं, परीक्षकांनी केक खाल्ला, पोरांना मसाले भात.

ब्राझीलनं २००९ मध्ये कायदाच केला. शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले निदान ३० टक्के लहान शेतकऱ्यांच्या मालावर खर्च करायचे, आणि तो शेतकरी शक्यतो जवळचा बघायचा, असं तेव्हा ठरलं. तिथल्या शाळेत स्थानिक अन्नाचा वेगळा तास असो-नसो, ते ताटात येतं आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या घरी पैसे जातात. आपल्याकडं शेतकऱ्याचं पोर शाळेत पुलाव खातं आणि बाप आडतीत ज्वारीच्या भावासाठी ताटकळतो.

आशेला जागा नाही असंही नाही. कृषिमंत्री असताना दादा भुसे यांनी शालेय अभ्यासक्रमात शेतीचा विषय आणायचा आग्रह धरला होता. डिसेंबर २०२४ मध्ये शालेय शिक्षण खातं त्यांच्याकडेच आलं. म्हणजे मागणी करणाराच मंजुरीच्या खुर्चीत. पण विषय आणू नका, साहेब, हात जोडून विनंती. विषय आला की पुस्तक येईल, पुस्तकामागून प्रशिक्षण, प्रशिक्षणामागून ॲप, आणि हुरड्याची माहिती रोज संध्याकाळी पाचच्या आत भरा म्हणून गुरुजींच्या मागं तगादा. विषय न आणता ज्वारीचं पोतं तेवढं आणा.

तोवर चारठाण्याच्या आणि आसपासच्या पालकांनी वाट बघायचं कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा कायद्यानं पालकांच्या आहेत. सही करण्यापुरतं जायचं सोडा. पुढच्या सभेत ठराव टाका. जानेवारीत एक दुपार रानातल्या हुरड्याची, आठवड्यातून एक दिवस कण्यांचा, आणि कार्यानुभवाचा एक तास स्वयंपाकीण ताईंचा, त्याचे वेगळे पैसे धरून. लोकसहभाग हवाच असेल तर घरटी एक पायली ज्वारी द्या. पावती मात्र मागून घ्या, आणि पावतीवर 'ज्वारी' असंच लिहून घ्या.