हेल्मेट आरशाला

न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त गतीचे तीन नियम मांडले, पुण्यात त्यांच्यावर हरकती-सूचना मागवणं बहुधा अजून चालू असावं. कारण इथे हेल्मेट डोक्यावर कमी, आरशाला लटकलेलं जास्त. मोटार वाहन कायदा १९८८चा, म्हणजे त्यामानाने पोरसवदाच. त्यातल्या हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, हे एक वेळ समजू शकतं. पण जडत्वाविरुद्धचं निवेदन द्यायचं कोणाला? ताशी ६० किलोमीटरने चाललेली दुचाकी समोरच्या टेम्पोवर आदळून थांबते. स्वार थांबत नाही. त्याला थांबवणारं बल अजून यायचं असतं आणि ते बहुधा डांबराकडून येतं. त्या वेगाने डोकं आदळणं म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, साधारण चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली पडणं. गॅलरीला कठडा नसता तर याच गृहस्थांनी बिल्डरला कोर्टात खेचलं असतं. “इथे कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय!” हा युक्तिवाद तर खासच. अंतर कमी म्हणून वस्तुमान घटत नाही. बरं, चौकात मामा दिसले की तेच हेल्मेट क्षणात डोक्यावर चढतं. बाह्य बलाशिवाय स्थिर वस्तू हलत नाही, हा पहिला नियम निदान तेवढ्यापुरता तरी आम्ही काटेकोर पाळतो.