पाच इंच

बँकेत मी 34 वर्षं कर्जाचे अर्ज तपासले. आधी तारण बघायचं, मग कर्जाचा आकडा, हे मी इतक्या लोकांना ऐकवलं की शाखेत माझ्यामागे मला 'तारणहार' म्हणायचे. ते कौतुक नव्हतं. निवृत्त होऊन गावी आलो, होडीला इंजिन घ्यायची वेळ आली, आणि या तारणहाराने होडीकडे ढुंकूनही न बघता इंजिन घेतलं.

होडी मी मागितली नव्हती. वाटणीत माझ्याकडे आठ माड, अर्धी विहीर आणि ती होडी आली. आमचं गाव कर्लीच्या काठावर. देवबागजवळ समुद्राला मिळते तीच कर्ली. नाव नदीचं, पण वागणं खाडीचं: दिवसातून दोनदा भरते, दोनदा सुकते. होडी 16 फुटी, लाकडी, गोल पोटाची आणि चांगली जड. भरतीबरोबर वर जावं, सुकतीबरोबर खाली यावं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. माझी कामं मात्र नेमकी उलट्या वेळी निघायची. एकदा सुकतीच्या विरुद्ध अर्धा तास वल्हवलं आणि मान वर करून पाहिलं, तर काठावर तोच माड आणि त्यावर तोच कावळा.

होडीमागे टांगायच्या इंजिनाच्या मुळाशीही असाच एक घामाघूम माणूस आहे म्हणतात. ओले एव्हिनरूड, जन्माने नॉर्वेचा, राहायला अमेरिकेत विस्कॉन्सिनला. त्याची प्रेयसी बेस हिला आइस्क्रीम खायची इच्छा झाली म्हणून हा भर उन्हाळ्यात तळं वल्हवून गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं. पुढे त्याने दीड हॉर्सपॉवरचं इंजिन केलं आणि 1909 मध्ये विकायला काढलं. बेसला म्हणे ते कॉफी दळायच्या यंत्रासारखं दिसलं. हा सगळा इतिहास मी बायकोला रंगवून सांगितला. ती म्हणाली, "मला आइस्क्रीम नको. तुम्ही वल्हवा."

मग मी टपरीवर सल्ला मागितला. कोकणात सल्ला मागायचा नसतो, तो येतच असतो. मी मागितल्यामुळे नुसती गर्दी झाली. एक म्हणाला टू-स्ट्रोकच घ्या, वजनाला हलकं, कोणीही पाना घेऊन खोलतो. फक्त 50 लिटर पेट्रोलला एक लिटर ऑइल मिसळायला विसरायचं नाही. दुसरा म्हणाला फोर-स्ट्रोक घ्या, आवाज कमी, पेट्रोल कमी. पण ते जड, आणि चुकीच्या कुशीवर आडवं ठेवलंत तर ऑइल नको तिथे जातं. तिसऱ्याचं म्हणणं, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर पळवायचं मशीन असतं, तेच बरं. तिघांचंही खरं होतं, त्यामुळे मला काहीच ठरवता येईना. हॉर्सपॉवरच्या आकड्यांनी तर डोकंच फिरलं. पाच, आठ, 9.9. हे 9.9 कशाला? बाटाच्या चपलेची किंमत आहे का ती?

उभा जन्म मासेमारीच्या पातीवर काढलेले शेजारचे आबा बाकड्याच्या टोकाला बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "फळी मोजलंस?"

म्हणजे होडीची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात ती. मी म्हटलं, "फळी एकदम मजबूत आहे, आबा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, बिडी पेटवली आणि पुन्हा काही बोलले नाहीत.

किनाऱ्यावर एकाकडे 15 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक मशीन विकायला आहे असं कळलं. गेलो. मालकाने विचारलं, "तुम्हाला लाँग शाफ्ट हवं ना? हे लाँग आहे." मी म्हटलं, "लाँगच द्या. आम्हाला लांब जायचं असतं." तो जरा थांबला. पण गिऱ्हाईकाला गिऱ्हाइकी शिकवायची नसते, हे तोही जाणून होता.

घरी आणून मशीन परसातल्या निळ्या ड्रमवर टांगलं, ड्रममध्ये विहिरीचं पाणी भरलं. तिसऱ्या झटक्याला चालू! बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार सुटली. ही धार म्हणजे मशीनची नाडी. ती दिसतेय तोवर आत थंड पाणी फिरतंय. पाण्याबाहेर चालवलं तर पंपाची रबरी चक्री बघता बघता खलास. अख्खी वाडी गोळा झाली. चाळीसेक किलोचं ते धूड ड्रममध्ये असं काही गुरगुरत होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी भरतीला मशीन होडीवर चढवलं. मागे एवढं वजन पडल्यावर होडीने नाक वर केलं. बायकोला म्हटलं, तू जरा पुढे बस. "का?" मी खरं कारण सांगितलं. ती उतरून घरी गेली. तिच्या जागी नारळांचं पोतं ठेवलं.

अशा मशीनला लाल, पिळाची दोरी असते. तिचं एक टोक मशीनच्या बटणात अडकवायचं, दुसरं मनगटात. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाऊन मशीन बंद. मी ती नियमाप्रमाणे बांधली. पाच मिनिटांत काठावर शाळासोबती दिसला. मी ऐटीत हात उंच केला आणि मशीन बंद पडलं. नंतर मी 23 वेळा दोरा ओढला, चोक उघडला, चोक लावला, कुलदैवताला साकडं घातलं. शेवटी काठावरच्या एका पोराने ओरडून विचारलं, "काकानू, लाल दोरी हातात लोंबकळत कित्याक ठेवल्यात? ती मशिनाक लावा!"

मग पूर्ण वेग दिला. होडीचं नाक आभाळाकडे, बूड पाण्यात, मागे पर्वताएवढी लाट, आणि वेग सायकलवरच्या दूधवाल्याइतका. याचं कारण रात्री वाचलं. विल्यम फ्रूड या इंग्रज गृहस्थाने 1870 च्या दशकात टॉर्कीला लांबलचक टाकी बांधून, मेणाच्या बोटी ओढून जहाजांचा अभ्यास केला होता. जड होडी वेग घेते तशी तिने उठवलेली लाट लांबत जाते. लाट होडीएवढी झाली की होडी स्वतःच्याच लाटेचा चढ चढत बसते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं वर्गमूळ काढायचं, 1.34 ने गुणायचं. 16 चं वर्गमूळ चार, म्हणजे 5.36 नॉट, तासाला जेमतेम दहा किलोमीटर. तेवढ्याला तीनचार घोडे पुरतात. माझे उरलेले अकरा नुसता हरभरा खात होते.

हे घरी पोचल्यावरचं ज्ञान. त्याआधी परतीच्या वाटेवर सुकती लागली. रोजच्या वाटेने येत होतो, जिथून वल्हवताना कधी बूडही घासलं नव्हतं. अचानक खालून खाड् असा आवाज आला, मशीन केवढ्यानं तरी किंचाळलं आणि होडी जागच्या जागी. पंख्याच्या मध्यात रबराचा बुश असतो. पंखा खडकावर आपटला तर तो घसरतो आणि आतले गिअर वाचतात. माझा बुश जुना होता, तो कायमचाच घसरला. मशीन बोंबलतंय, पंखा ढिम्म हलत नाही. मग मीही बोंबलू लागलो. लाइफ जॅकेट घातलेलं होतं, शिटीही फुंकली.

थोड्या अंतरावर एक बाई वाकून मुळे नावाचे शिंपले काढत होती. तिने कंबर सरळ केली, पदराला हात पुसले. "काकानू, बोंबलतात कित्याक? खाली उतरा. पाणी ढोपराएवढा आसा."

उतरलो. ढोपरालाही जरा कमीच होतं. "पयला मशीन वर काडा, मगे होडी हालतली," ती म्हणाली. मशीन तिरकं वर केलं तशी होडी सुटली. बाईने मुळ्यांची टोपली होडीत ठेवली, दोर खांद्यावर घेतला आणि पंधरा घोडे, एक पोतं नारळ आणि एक निवृत्त शाखाधिकारी ओढत धक्क्याला आणले. मी होडी ढकलत होतो असं मी घरी सांगितलं.

आबा धक्क्यावरच होते. त्यांनी खिशातून टेप काढला. होडीची फळी: 15 इंच. मशीनच्या शाफ्टचं माप: 20. पंख्याच्या वरची आडवी पट्टी जेमतेम होडीच्या बुडाच्या पातळीत हवी. माझी पाच इंच खाली लोंबत होती. पत्रिका जुळवली, हुंडा ठरवला, फक्त उंची बघायची राहिली, तसं झालं. फळीवर लाकूड ठोकून उंच करता येईल का, असं सुताराला विचारलं. त्याने फळीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "करू. पण पंधराचा मशीन ओढूक लागला की फळी घेवन एकटाच पुढे जातला."

बुश नवा बसवला, मशीन पुन्हा ड्रमवर टांगलं आणि विकायला काढलं. परवा पुण्याहून एक गृहस्थ आले. नुकतेच निवृत्त, मामाची होडी मिळालेली. मी मशीन चालू केलं. पहिल्याच झटक्याला लागलं, धार सुटली, ते हरखून गेले. मला राहवलं नाही. विचारलं, "फळी मोजलीत?"

"फळी अगदी मजबूत आहे हो," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. आतून बायकोने खोकल्यासारखं केलं. मग मी मुकाट्याने त्यांनी दिलेल्या नोटा मोजल्या.