हिरव्या रक्ताचे परिनिरीक्षण

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा, म्हणजे मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक मंडळ्यांचे खलनायक मंडपात खून पाडतात आणि आजीपासून नातवापर्यंत सारे घर तो एकत्र बसून पाहते. अशा सामुदायिक रक्तपाताची काळजी महाराष्ट्र शासनाने फार पूर्वीच आपल्या शिरावर घेतली असून, संहिता प्रयोगापूर्वी वाचून प्रमाणपत्र देणारे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ त्यासाठी नेमलेले आहे. १९७२ साली रंगभूमीवर आलेले विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ याच व्यवस्थेत अडकले आणि उच्च न्यायालयात जाऊन सुटले.

तोच नातू घरी परतून पांघरुणात मोबाइलवर माणसे टिपू लागला, की मात्र शासनाची दृष्टी विशाल होते. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी’सह ११८ ॲपवर बंदी आली, तेव्हा हिंसेला आळा बसला म्हणून पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, परंतु आदेशातील आक्षेप गोळीबारावर नसून देशाची सुरक्षा आणि नागरिकांची माहिती यांविषयी होता. २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या देशी नावाने परतला आणि त्यातील रक्त हिरवे करण्यात आले, त्यामुळे हिंसेचा दोष तिच्या रंगात असतो, हा सिद्धान्त प्रस्थापित झाला.

चित्रपटांचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. केंद्रीय मंडळाच्या नावातील ‘सेन्सॉर’ १९८३ मध्ये जाऊन तेथे ‘प्रमाणन’ आले, तर २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ वर्गाचे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या चित्रपटांचे, ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे पाडले. सारांश, पूर्वी सरकार कात्रीवर भिस्त ठेवीत असे, आता ते कात्रीबरोबर वयही सांगते आणि उरलेले काम आईबापांवर सोपवते.

हे आईबाप दिवसभर धानाच्या बांधीत किंवा कोळशाच्या खाणीत असतात, ही बाब नियम करणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी. हिरव्या रक्ताच्या त्या खेळात अल्पवयीन खेळाडूसाठी पालकांची संमती ओटीपीने, म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या एकवेळच्या सांकेतिक क्रमांकाने, घेतली जाते. ज्या घरात मोबाइल एकच, तेथे तो क्रमांक मुलाच्याच हातात येतो, आणि अर्जदार, पालक व परिनिरीक्षक ही तिन्ही पदे एका बालकाकडे एकवटतात. या मंडळाला मानधन लागत नाही, बैठक लागत नाही, आणि त्याने कोणताही अर्ज आजवर फेटाळलेला नाही.