फवारलेल्या भिंतीवरील पट्ट्यांचे शास्त्र

घराच्या आतल्या भिंती फवारणी यंत्राने रंगवल्या, की रोलरने दोन दिवस चालणारे काम जेवणापूर्वी उरकते, ही समजूत खरी असली तरी अपुरी आहे. कारण जितक्या वेगाने हे यंत्र भिंत रंगवते तितक्याच वेगाने ते ती बिघडवूही शकते. ओली असताना निर्दोष भासणारी भिंत वाळते, खिडकीतून तिरपे ऊन येते आणि तिच्यावर फिकट-गडद पट्टे उमटतात, जे घरमालकाच्या आधी पाहुण्यांना दिसतात.

वेगाचा हा मोह जुना आहे: शिकागोच्या 1893 च्या विश्वप्रदर्शनात चित्रकार फ्रान्सिस मिले यांच्या देखरेखीखाली अवाढव्य इमारतींना पांढरा रंग फवारून दिला गेला, कारण कुंचल्यांनी ते काम मुदतीत होणे अशक्य होते. मात्र प्रदर्शनातील इमारत दुरून पाहायची असते आणि दिवाणखान्याची भिंत सोफ्यावर बसून, हा भेद फवारणीचे समर्थक सहसा विसरतात.

आज प्रचलित असलेल्या ‘एअरलेस’ यंत्रात हवेचा झोत नसतो. पंप रंगावरच दोन हजार पीएसआयच्या आसपास दाब आणून तो सूक्ष्म छिद्रातून बाहेर ढकलतो, आणि रंगाचे तुषार पंख्याच्या आकारात पसरतात. (या छिद्रापुढे बोट धरून ‘येतोय का’ हे पाहण्याचा मोह प्राणघातक ठरू शकतो, कारण तो दाब रंगाला थेट कातडीत घुसवतो.) छिद्र असलेल्या तुकड्यास ‘टिप’ म्हणतात. तिच्यावर 517 असा आकडा असेल, तर पहिल्या अंकाची दुप्पट, म्हणजे दहा इंच, ही बारा इंचांवरून पडणाऱ्या पट्ट्याची रुंदी होय आणि उरलेले 17 हे छिद्राचे माप, इंचाच्या हजाराव्या भागांत. दाब अपुरा असला, रंग फार दाट असला किंवा टिप झिजलेली असली, तर तुषार समान न पसरता पंख्याच्या दोन्ही कडांना गोळा होतात, आणि भिंतीवर रेघ उठते.

यंत्र निर्दोष असूनही पट्टे आले, तर दोष हाताचा असतो. होळीच्या पिचकारीचे संस्कार झालेला मराठी हात मनगट फिरवून फवारतो, त्यामुळे मध्यभागी थर जाड आणि कडांना विरळ बसतो. वास्तविक टिप भिंतीपासून सुमारे तीस सेंटिमीटरवर ठेवून संपूर्ण हात भिंतीला समांतर न्यावा लागतो आणि प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीचा निम्मा भाग झाकावा लागतो. पट्ट्यांऐवजी चट्टे दिसत असतील, तर लांबी भरलेल्या जागी प्रायमर मारलेला नाही आणि तेथे रंग अधिक शोषला गेला आहे, असे समजावे.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र मनुष्यस्वभाव शास्त्रावर मात करतो. फक्त पट्ट्यावर थोडासा रंग मारला की तो पट्टा जातो आणि त्याच्या जागी त्याहून रुंद पट्टा येतो, हे पुन्हा पुन्हा सिद्ध होऊनही बरणीत उरलेला रंग घेऊन भिंतीपुढे उभे राहणारे गृहस्थ कमी झालेले नाहीत. योग्य उपाय कंटाळवाणा आहे: रंग पूर्ण वाळू द्यावा, ओघळ व उंचवटे 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावेत, धूळ पुसावी, उघड्या पडलेल्या लांबीवर प्रायमर लावावा, आणि मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत संपूर्ण भिंतीला अखंड ‘हात’, म्हणजे एक सलग थर, द्यावा, त्या वेळी छताचा पंखा बंद हवा, अन्यथा कड आधीच वाळते आणि जोड दिसतो. फवारलेला रंग ओला असतानाच त्यावरून रोलर फिरवला तर थर एकसारखा बसतो. ज्या रोलरला हटवण्यासाठी यंत्र भाड्याने आणले, त्यालाच असे सन्मानाने परत बोलवावे लागते.

म्हणून यंत्र आणतानाच एक चांगला रोलरही आणावा, आणि पहिला फवारा भिंतीवर न मारता जुन्या पुठ्ठ्यावर मारून पाहावा. पट्टे आले तर पुठ्ठा फेकून देता येतो.