खुरांची जमाबंदी

ज्या नगरीत औषधालाही प्राणिसंग्रहालय सापडायचे नाही, त्याच नगरीत देशभरच्या प्राणिसंग्रहालयांतील खुरधारी सस्तन प्राण्यांचे दप्तर नांदावे, ही गोष्ट परक्यास विसंगत वाटली तरी पनवेलच्या कुळाचारास ती सर्वस्वी धरून आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यापासून घाट चढणाऱ्या असंख्य बैलगाड्यांना ज्या गावाने चाके पुरविली, आणि इतरांच्या प्रवासाची अशी चाकरी करून जे स्वतः मात्र खाडीकाठी स्वस्थ बसून राहिले, त्या गावच्या नागरिकाने परगावच्या हरणांची मोजदाद करण्यात आपले उतारवय वेचावे, यात नवल ते कोणते?

आमचे हे स्नेही महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. हयातभर सात-बाराचे उतारे, फेरफार आणि जमाबंदीचे तक्ते यांत बुडून गेलेल्या या गृहस्थांना निवृत्तीनंतर नातवंडांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाण्याचा योग आला, आणि इतर आजोबांची दृष्टी जेथे पिंजऱ्यातील प्राण्याकडे जाते तेथे यांची पिंजऱ्यावरील पाटीकडे गेली. पाटीवर प्राण्याचे नाव होते, शास्त्रीय नाव होते, आहारविहार होता. नग किती, याचा मात्र उल्लेख नव्हता. ज्या मालमत्तेची नोंद नाही ती मालमत्ताच नाही, हा महसुली वेदान्त रक्तात भिनलेला असल्यामुळे त्यांनी त्याच सायंकाळी एक कोरी वही काढली आणि तिच्यावर ‘खुरधारी’ असे लिहिले. खुरधारीच का, या आमच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मार्मिक होते: “अहो, वाघाच्या बछड्याचे बारसे होते आणि त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते. हरणाला नाव नसते, केवळ संख्या असते. ते कारकुनाने पाहावयाचे नाही, तर कोणी?”

त्यांच्या सुदैवाने सरकारची दृष्टीही नेमकी अशीच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये १९९२ साली अस्तित्वात आलेले केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण प्रत्येक संग्रहालयाकडून दरसाल जो तक्ता मागविते, त्यात आरंभीची शिल्लक, जन्म, आवक, जावक, मृत्यू आणि अखेरची शिल्लक असे रकाने असून, हा हिशेब ३१ मार्च रोजी बंद होतो. सांबराचे शिंग गळून पडण्याचा काळ, काळविटाच्या माजाचा काळ, पर्जन्यकाळ, तृणकाळ यांपैकी कशाचाही या तिथीशी संबंध नाही. संबंध आहे तो केवळ सरकारी तिजोरीशी. तेव्हा त्या रात्री बाराच्या सुमारास प्रसूत होणाऱ्या चितळिणीने आपले पाडस गेल्या सालच्या जन्मांत जमा करावे की नव्या सालच्या, हा प्रश्न तिला पडत नसला तरी तो आमच्या स्नेह्यांची झोप उडवितो.

याहून रम्य भाग पुढेच आहे. प्रत्येक संख्या नर, मादी आणि लिंगनिश्चिती न झालेले अशा तीन भागांत लिहिली जाते, म्हणजे एखाद्या जातीपुढे ३ : ५ : २ असा आकडा पडला तर तीन नर, पाच माद्या आणि दोघांविषयी सरकारचा निर्णय प्रलंबित, असे समजावयाचे. हा तिसरा रकाना स्नेह्यांस प्राणाहून प्रिय आहे. सबंध नोकरीत अशा रकान्याची उणीव आपणांस भासत राहिली, तो असता तर तालुक्यातील निम्मे तंटे त्यात सुखाने विसावले असते, असे ते उसासा टाकून सांगतात.

जात्यनुरूप वर्गवारीचे म्हणाल, तर चितळाविना प्राणिसंग्रहालय क्वचितच आढळावे. त्याचे पोषण सुलभ, स्वभाव सोशिक आणि प्रजनन विपुल. इतके विपुल की या शाकाहारी मंडळींची संख्या आटोक्यात राहावी म्हणून नर आणि माद्या वेगवेगळ्या ठेवण्याची सूचना संग्रहालयांना द्यावी लागली. आता १९९२ च्या नियमावलीतच असे फर्मान होते की, सबळ कारण असल्याखेरीज अथवा प्राण्याची उमेद उलटली असल्याखेरीज कोणाही प्राण्यास एक वर्षाहून अधिक काळ जोडीदाराविना ठेवू नये. एका आज्ञेने जोडा जुळवावा आणि दुसरीने मध्ये कुंपण घालावे, ही गृहस्थाश्रमाची व वानप्रस्थाची एकाच आवारातील सांगड मनूसही सुचली नव्हती. इकडे जिराफ आणि झेब्रा यांच्या प्राप्तीसाठी प्रत्येक संग्रहालय झुरत असते. बुजरे, ठेंगणे, दिवसा झुडपाआड दडणारे भेकर मात्र कोणी मागत नाही, कारण त्याला पाहण्यासाठी तिकीट काढणारा प्रेक्षक अद्याप जन्मास यावयाचा आहे. प्रेक्षकांच्या अभिरुचीचे प्रमाण हवे असेल तर राणीच्या बागेकडेच पाहावे: २०१६ साली तेथे आठ पेंग्विन अवतरले आणि पुढल्याच साली प्रौढांचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नासांवर गेले. ज्यांना खूर नाहीत आणि पक्षी असून उडताही येत नाही, त्यांच्यापायी झालेली ही दरवाढ स्नेह्यांनी आपल्या वहीत लाल शाईने नोंदविली आहे.

या उद्योगास हसणाऱ्यांनी युरोपातील बायसनाची हकीकत अवश्य ऐकावी. हा भव्य गवा १९२७ पर्यंत तेथील अरण्यांतून समूळ नाहीसा झाला होता. उरले होते ते संग्रहालयांत आणि जमीनदारांच्या उपवनांत विखुरलेले मूठभर. त्या मूठभरांची वंशावळ काही खटपट्या माणसांनी वहीत उतरविली, १९३२ साली ती छापून प्रसिद्ध केली, आणि आज अरण्यांत पुन्हा हिंडणारा त्याचा झाडून सगळा गोतावळा अवघ्या बारा पूर्वजांपासून उद्भवलेला आहे. वारसनोंद चोख ठेवल्यामुळे एक सबंध जात वाचल्याचे हे उदाहरण आमचे स्नेही कोणत्याही निमित्ताने, प्रसंगी लग्नाच्या पंगतीतही, सांगतात.

हत्तीस खुरधारी मानावे की नाही, हा वाद बरेच दिवस चालला. प्राणिशास्त्रज्ञ त्यास निराळ्या गणात बसवितात. परंतु गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा १८७१ चा जो कायदा कोंडवाड्यांना आजही लागू आहे, त्यातील गुरांच्या व्याख्येत उंट, गाढव आणि डुक्कर यांच्याबरोबर हत्तीचाही स्पष्ट अंतर्भाव असल्याने, शास्त्र आणि कायदा यांत विरोध आल्यास कायदा श्रेष्ठ, या न्यायाने हत्ती वहीत दाखल झाला. पाणघोड्याचा सर्वांत जवळचा जिवंत आप्त देवमासा होय, हे आधुनिक संशोधन आम्ही त्यांच्या कानी घातले तेव्हा मात्र ते गंभीर झाले, आणि समुद्र हे मान्यताप्राप्त संग्रहालय नसल्याचे कारण दाखवून त्यांनी तो दावा फेटाळला.

याच कसोटीवर आमच्या दारचे कर्नाळाही बाद होते. १९६८ साली स्थापन झालेल्या त्या अभयारण्याच्या नावातच पक्षी असल्यामुळे तेथील भेकरास आणि रानडुकरास बेदखल कुळाचा दर्जा प्राप्त झाला आहे. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यांवर बसून मोजणी करण्याची आपल्या वनखात्याची प्रथा आहे खरी. पण तहान लागेल तेव्हाच हजेरी देणाऱ्या प्राण्यांच्या हिशेबाची रुजुवात करावयाची कशी, असे स्नेह्यांचे म्हणणे पडले. जे कोंडलेले आहे तेच मोजता येते, आणि मोजता येते तेच ते खरे मानतात; जंगलातील भेकर त्यांच्या लेखी अद्याप अफवा आहे.

सध्या त्यांचे सर्व लक्ष एका विषमखुरी नगावर खिळलेले आहे. अल्बर्ट ससून यांनी मुंबईस अर्पण केलेला, युवराज एडवर्ड यांना पाठीवर वाहणारा आणि सबंध परिसरास आपले नाव देऊन गेलेला काळा घोडा १९६५ साली फोर्टातून हलवून राणीच्या बागेत आणण्यात आला. तेव्हापासून त्याची अखेरची शिल्लक प्रतिवर्षी एक. जन्म निरंक, जावक निरंक, मृत्यू निरंक. असा निर्दोष हिशेब देशातील दुसऱ्या कोणत्याही खुरधाऱ्याचा नाही. अडचण एवढीच की तो इतकी वर्षे जोडीदाराविना उभा असून, नियमभंग टाळण्यासाठी स्नेह्यांनी त्याच्यापुढे ‘उमेद उलटली असल्याने सूट’ असा शेरा मारून ठेवला होता. २०१७ साली फोर्टातील मूळ परिसरात स्वाररहित असा नवा घोडा बसविण्यात आला, आणि स्नेह्यांनी तत्काळ तो शेरा खोडून, नव्या घोड्याची भायखळ्यास बदली व्हावी अशा आशयाच्या अर्जाचा मसुदा केला. युवराजांचे काय करावयाचे, असे आम्ही विचारले. त्यांना खूर नसल्याने ते आपल्या अखत्यारीत येत नाहीत, असे उत्तर मिळाले. मग नवा घोडाही नरच असल्यास या बदलीचा उपयोग काय, अशी शंका आम्ही काढली. स्नेह्यांनी चष्मा पुसला, वही पुढे ओढली, आणि नव्या घोड्यापुढे ० : ० : १ असा आकडा घातला.