पंचविसाच्या आतलं पुण्य
अमेरिकेने 2010 च्या आरोग्य कायद्यात छोट्या धंदेवाल्यांना करसवलत देऊ केली: नोकरांच्या विम्याचा किमान निम्मा हप्ता तुम्ही भरा, त्यातला काही वाटा सरकार परत करील. अट एवढीच, की पूर्णवेळाच्या हिशेबाने माणसं पंचविसाच्या आत हवीत आणि पगार बेताचे. अकरावा माणूस ठेवला की सवलत उतरू लागते, पगार वाढवले की आणखी उतरते. म्हणजे धंदा वाढू न देणाऱ्यालाच पूर्ण बक्षीस! पैसा मर्यादित, तो गरजूंनाच मिळावा, हे म्हणणं रास्त. पण पहिल्या वर्षी पात्र धंदे सरकारी लेखापरीक्षकांच्या अंदाजाने किमान 14 लाख आणि दावे जेमतेम 1 लाख 70 हजार. बाकीच्यांनी दाव्यासाठीच्या फॉर्म 8941 चा हिशेब पाहून ‘भीक नको, पण कुत्रं आवर’ म्हटलं असावं. 2014 पासून तर सवलत सलग दोनच वर्षं मिळते. तिसऱ्या वर्षी नोकरांनी आजारी पडावं की नाही, ते फॉर्ममध्ये नाही.